पावसाळ्यासाठी बोट शाकारताना: इनबोर्ड डिझेल इंजिन कसं बंद करून ठेवावं

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. पर्यटकांच्या बोटी आणि प्रवासी लाँची बहुतेक ठिकाणी मेच्या शेवटच्या आठवड्यातच थांबतात आणि ऑगस्ट सरेपर्यंत वरच असतात. थंड देशांत बोट हिवाळ्यासाठी ठेवताना धास्ती असते ती आतलं पाणी गोठून ब्लॉक तडकण्याची. आपल्याकडे गोठत काहीच नाही. आपल्याकडे इंजिन खातं ते आत राहून गेलेलं मीठ, कधीच न वाळणारी दमट हवा आणि वरून येणारं पावसाचं पाणी. म्हणून नुसती ताडपत्री बांधून भागत नाही. शाकारणीचं निम्मं काम बोट पाण्यात असताना, इंजिन चालू स्थितीत असतानाच उरकावं लागतं. एकदा बोट रेतीवर चढली की ते नीट करता येत नाही.

आधी तारीख

बोट वर घ्यायची ती उधाणाच्या भरतीला. भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, कमी चढणाऱ्या) भरतीला ओढलेली बोट पुरेशी वर जात नाही, आणि मग पुढच्या उधाणाचं पाणी तिच्या बुडाशी येतं. अमावास्या किंवा पौर्णिमेपासून द्वितीया-तृतीयेपर्यंतचे दिवस धरा. वेळेसाठी तिथीची पाऊणपट हा जुना हिशेब पुरतो: द्वितीयेला दीडच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. नेमकी वेळ आणि पाण्याची उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्या.

मे महिन्यातलं शेवटचं उधाण धरून बसू नका, त्याच्या आधीचं धरा. तौक्ते वादळ १६-१७ मे २०२१ ला कोकण किनाऱ्याला घासून गेलं आणि निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. दोन्ही वेळा ‘अजून आठ दिवस आहेत’ हा हिशेब चुकला असता. जागा निवडताना गेल्या पावसाळ्यात लाटांनी आणून टाकलेल्या कचऱ्याची रेघ शोधा आणि बोट त्या रेघेच्या वर ठेवा.

बोट पाण्यात असताना: तेल

इंजिन अर्धा तास लोड देऊन चालवा, म्हणजे पाण्याचं तापमान ७५ ते ८० अंशांवर येईल. गरम तेलातच काजळी आणि गाळ तरंगत असतो. थंड इंजिनातून तेल काढलं तर तो सगळा संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळाशी बसून राहतो. तेल बदलायचं ते ठेवण्याआधी, बाहेर काढताना नव्हे. वापरलेल्या तेलात जळणातून आलेलं आम्ल आणि पाण्याचा अंश असतो. दोन-तीन महिने तेच तेल बेअरिंगला लागून राहिलं तर बेअरिंगच्या कवचावर डाग पडतात.

बोटीत संपचा ड्रेन बूच इंजिनाखाली अडकलेला असतो, तिथे हात जात नाही. डिपस्टिकच्या भोकातून नळी घालून हातपंपाने तेल ओढून घ्या. निघालेलं तेल बघा. काळं असेल तर ठीक. दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवा फिल्टर लावताना त्याच्या रबरी कडेला तेलाचं बोट फिरवा. नवं तेल इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं घ्या (अनेक इंजिनांना १५डब्ल्यू-४० चालतं), डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये भरा आणि पाच-दहा मिनिटं इंजिन चालवा. नवं तेल सगळीकडे पोचलं पाहिजे, हा यामागचा हेतू.

गिअरबॉक्सचं तेलही याच वेळी. इथे अंदाज चालत नाही: काही गिअरबॉक्सना इंजिनाचंच तेल लागतं, काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल). पाटीवर किंवा पुस्तिकेत बघा. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ असेल तर कूलरच्या नळ्या फुटून खारं पाणी आत येतंय, आणि असा गिअरबॉक्स तसाच ठेवला तर ऑगस्टपर्यंत आतल्या बेअरिंगवर गंज चढलेला असतो. जुनं तेल डब्यात भरून भंगार तेल घेणाऱ्याला द्या, खाडीत ओतू नका.

डिझेल

टाकी एक तर ९५ टक्के भरलेली असावी, नाहीतर पूर्ण रिकामी आणि पुसून कोरडी केलेली. अर्धी टाकी सगळ्यात वाईट. वरच्या मोकळ्या जागेतली दमट हवा रात्री थंड होते, पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि तळाशी पाणी साठतं. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर काळा बुळबुळीत थर वाढतो. सीझनच्या पहिल्याच फेरीला फिल्टर चोंदून इंजिन बंद पडतं ते बहुतेक वेळा याच थरामुळे. काठोकाठ मात्र भरू नका: ५०० लिटर डिझेल १५ अंशांनी तापलं तर सुमारे ६ लिटरने फुगतं आणि व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या नळीतून) बाहेर येतं. किनाऱ्यावर चोरीची किंवा आगीची भीती असेल तर रिकामी टाकी बरी.

टाकीच्या तळाचा बूच सोडून आधी पाणी आणि गाळ काढा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. थर दिसला असेल तर बाटलीवर लिहिलेल्या मापाने जंतुनाशक घाला आणि त्यानंतर इंजिन १५ मिनिटं चालवा, म्हणजे ते पंप आणि इंजेक्टरपर्यंत जाईल. दोन्ही डिझेल फिल्टर बदला. नवे फिल्टर स्वच्छ डिझेलने भरून लावले तर हवा काढायला सोपं जातं. टाकीचा व्हेंट पाऊस आत जाणार नाही असा खाली वळलेला आहे ना, तेही पाहा.

खाऱ्या पाण्याची वाट: यावर जास्त वेळ द्या

हीट एक्स्चेंजरच्या (खाऱ्या पाण्याने कूलंट थंड करणाऱ्या नळ्यांच्या पेटीच्या) इंजिनात दोन पाणी असतात. आतलं बंद चक्रातलं कूलंट आणि बाहेरून ओढलं जाणारं खारं पाणी. कीलला (बोटीच्या तळाच्या कण्याला) बाहेरून नळ्या लावून थंड होणाऱ्या इंजिनात समुद्राचं पाणी आत येतच नाही. तसं इंजिन असेल तर हा भाग वाचून सोडून द्या.

सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी तळाची तोटी) बंद करा. खाऱ्या पाण्याच्या पंपाकडे जाणारा होज सी-कॉककडून सोडा आणि त्याचं टोक गोड्या पाण्याने भरलेल्या २०० लिटरच्या ड्रममध्ये बुडवा. इंजिन आयडलवर सुरू करा. छोट्या दोन सिलिंडरच्या इंजिनाला एक ड्रम पुरतो. सहा सिलिंडरच्या इंजिनाला कोणीतरी ड्रम सतत भरत राहावं लागतं. १०-१५ मिनिटं चालवा. ड्रम रिकामा होण्याआधी इंजिन बंद करा, कारण कोरडा फिरलेला इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) काही मिनिटांत जळतो.

नळाचा होज मात्र पंपाला थेट जोडू नका. बंद इंजिनात नळाच्या दाबाने पाणी पुढे जातं, ओल्या (धुरात पाणी मिसळून बाहेर टाकणाऱ्या) एक्झॉस्टमध्ये साठतं आणि तिथून मागे फिरून सिलिंडरमध्ये शिरतं. चांगलं इंजिन धुण्याच्या नादात मारायचा हा खात्रीचा मार्ग आहे.

धुऊन झालं की सगळं पाणी काढा. हीट एक्स्चेंजर, ऑइल कूलर, गिअर ऑइल कूलर आणि पाण्याचं जॅकेट असलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, प्रत्येकाला आपापला ड्रेन बूच असतो. बूच काढूनही पाणी आलं नाही तर ‘रिकामं आहे’ असं समजू नका. रेती आणि मीठ भोकात घट्ट बसलेलं असतं. तार घालून मोकळं करा. निघालेले सगळे बूच एका डब्यात, डबा इंजिनरूममध्येच.

हीट एक्स्चेंजरला पेन्सिलीसारखा झिंक ॲनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा) असतो. निम्म्याहून कमी उरला असेल तर बदला. तुटलेला तुकडा आत पडला असेल तर तो काढावाच लागतो, नाहीतर नळ्यांची तोंडं अडवतो. दोन्ही बाजूंची झाकणं उघडलीच आहेत तर लाकडी किंवा पितळी काडीने नळ्या एकेक करून साफ करा. संडास धुण्याचं ॲसिड ओतून काम लवकर होतं हे खरं, पण ते नळ्या आणि त्यांचे सांधे दोन्ही खातं.

आता इम्पेलर. झाकण काढा, इम्पेलर सरळ बाहेर ओढा. दोन स्क्रूड्रायव्हरने उचकटताना पंपाच्या कडेला ओरखडा पडला तर पुढे तिथूनच गळती होते, म्हणून ओढणी (पुलर) वापरा. आत ठेवला तर पाती दोन महिने एकाच बाजूला वाकून राहतात, मुळाशी चीर पडते आणि पहिल्या दिवशी पात तुटते. पाती मोजा. एखादं कमी असेल तर तो तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी सापडेल. शोधल्याशिवाय सोडू नका. इम्पेलर धुऊन अंधाऱ्या जागी ठेवा आणि ‘इम्पेलर काढला आहे’ अशी पाटी चावीलाच बांधा. भिंतीवर लावलेली पाटी घाईत कोणी वाचत नाही.

बंद चक्रातलं कूलंट दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. इथे ते गोठू नये म्हणून नव्हे, गंजरोधक म्हणून लागतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर; विहिरीचं पाणी नको. सांडलेलं लगेच धुवा. ते चवीला गोड असतं, किनाऱ्यावरची कुत्री चाटतात, आणि विषारी आहे.

एक्झॉस्ट आणि हवेची वाट बंद करा

कोकणातल्या बऱ्याच मासेमारी बोटींचा एक्झॉस्ट कोरडा असतो, केबिनच्या बाजूने सरळ वर गेलेला. त्या पाइपाचं तोंड आभाळाकडे उघडं राहिलं तर पावसाचं पाणी मॅनिफोल्डमध्ये येतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत थांबलाय त्यात उतरतं. पाणी थोडं असेल तर रिंगा गंजून चिकटतात. जास्त असेल तर ऑगस्टमध्ये स्टार्टर मारताच पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका पत्र्याच्या डब्याने हे टळतं. डबा उलटा घालून तारेने आवळा. नुसती प्लॅस्टिकची पिशवी पहिल्या वादळी रात्री उडून जाते. पाइपाच्या सगळ्यात खालच्या वळणावर पाणी सोडायचा बूच असेल तर तो उघडा ठेवा.

एअर फिल्टर काढून हवेच्या तोंडात तेलात भिजवलेलं फडकं बसवा, त्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे विसरणार नाही. बेल्ट सैल करा.

पूर्ण वर्ष बंद राहणाऱ्या इंजिनाचे इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडतात. दोन-तीन महिन्यांसाठी त्याची गरज नाही. इंजेक्टर काढले की तांब्याचे नवे वॉशर, पुन्हा टॉर्क आणि गळतीची नवी शक्यता. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी स्टॉप लिव्हर (इंजिनाचं डिझेल तोडणारी दांडी) ओढून ठेवून इंजिन हाताने सव्वा फेरा फिरवा. सव्वा यासाठी की प्रत्येक वेळी पिस्टन आणि व्हॉल्व्ह वेगळ्या जागी थांबावेत.

‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो’ ही सवय अनेकांना चांगली वाटते. ती सोडा. पाच मिनिटांत इंजिन पुरेसं तापत नाही, जळणातून तयार झालेली वाफ आतच पाणी होऊन बसते. वर ओढलेल्या बोटीत तर थंड करायला पाणीही नसतं.

बॅटरी आणि वीज

बॅटऱ्या घरी न्या. सोडताना आधी निगेटिव्ह. डिस्टिल्ड वॉटर भरून पूर्ण चार्ज करा. चार-पाच तास स्वस्थ ठेवल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीचा मीटर १२.६ च्या वर दिसला पाहिजे. महिन्याने पुन्हा मोजा, १२.४ खाली असेल तर चार्ज करा. चार्ज उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट होतो आणि ती परत मूळ ताकदीला येत नाही. फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते म्हणतात, ते सध्याच्या प्लॅस्टिक डब्याच्या बॅटऱ्यांना लागू नाही.

जीपीएस, फिश फाइंडर, व्हीएचएफ, ट्रान्सपॉन्डर काढून घरी. मागे राहिलेल्या वायरींच्या तोंडांना कॉन्टॅक्ट स्प्रे मारून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. स्टार्टर आणि अल्टरनेटर दोन-चार बोल्टांचं काम आहे. जुनी बोट असेल तर तेही काढून न्या. बोटीतल्या दमट हवेत त्यांची ब्रशं जागेवर चिकटतात.

बोट वर घेतल्यावर

तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपल्या त्याच दिवशी, ओल्या असतानाच खरवडा. दोन दिवसांनी त्याच शिंपल्यांना छिन्नी लागते.

वजन कीलवर असू द्या. बाजूचे टेकू बोट कलू नये म्हणून असतात, तोलून धरण्यासाठी नाही. इंजिनाच्या बरोबर खाली कीलखाली एक ठोकळा हवाच, नाहीतर तिथे बोट हळूहळू खाली बसते आणि शाफ्टची रेघ (इंजिन आणि शाफ्ट एका ओळीत असणं) बिघडते. पावसाने रेती वाहून जाते, म्हणून टेकूंच्या खाली रुंद फळ्या घाला आणि मोठ्या सरीनंतर त्या हलल्या का, ते पाहा. नाळ (पुढचं टोक) वर, मागची बाजू थोडी खाली ठेवून तळाचा बूच काढा, म्हणजे आत गेलेलं पाणी वाहून जाईल. हा बूचही त्याच चावीला बांधा.

बिल्ज साबणाने धुऊन तेलाचा थेंब राहणार नाही असं पुसा. बर्फाचा खण ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन झाकण उघडं ठेवा.

शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. मागच्या बेअरिंगमध्ये दीड मिलिमीटरहून जास्त हलत असेल तर बेअरिंग बदलायची हीच वेळ आहे. पंख्यावर (प्रोपेलरवर) हातोडीने हलकेच टिचकी मारा: खणखणीत आवाज यायला हवा. आवाज बोदा आणि रंग गुलाबीसर असेल तर धातूतलं जस्त निघून गेलंय. असा पंखा घासून चकाकतो, पण पाती तुटतात. ग्लँडचं (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या भागाचं) पॅकिंग बदलताना जुन्या सगळ्या रिंगा काढा. नव्या रिंगा तिरक्या कापा आणि प्रत्येकीचा सांधा आधीच्या सांध्यापासून १२० अंश फिरवून बसवा. एकच लांब दोरी गुंडाळून बसवली तर पाणी त्या वळणांतूनच वाट काढतं. बाहेरचे झिंक निम्मे झिजले असतील तर बदला, आणि त्यांना रंग लावू नका.

लाकडी बोटीच्या फळ्यांमधले सांधे आणि कापूस याच काळात बघतात, ते काम जाणत्या सुताराचं. फायबरच्या तळावर फोड दिसले तर एक टोचून बघा. आंबट वासाचं पाणी आलं तर तो थर खरवडून महिनाभर वाळवावा लागतो, म्हणून पावसात तो हाती घेण्यात अर्थ नाही. तळाचा अँटीफाउलिंग रंग आत्ता लावू नका. जुलैअखेरची उघडीप बघून, बोट उतरवण्याच्या आधी लावा.

छप्पर

झापांचं (विणलेल्या नारळाच्या झावळ्यांचं) छप्पर जुनं असलं तरी त्यात एक गुण आहे: त्यातून हवा खेळते. प्लॅस्टिकची ताडपत्री बोटीला चिकटून आवळली तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. मध्यभागी बांबूचा आडा, दोन्ही बाजूंना चांगला उतार, पुढची-मागची तोंडं हातभर उघडी, आणि छपराखाली इंजिनरूमचं झाकण सताड उघडं. ताडपत्री जिथे कोपऱ्यांवर घासते तिथे जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे घाला. पाणी साठून पोट सुटलं तर एका रात्रीत आडा मोडतो.

बोट खाडीतच नांगरून ठेवणार असाल तर ग्लँड ठिबकणं थांबेपर्यंत आवळा, सगळे सी-कॉक बंद करा, दोर जिथे घासतात तिथे होज चढवा आणि पाऊस पडेल त्या प्रत्येक दिवशी कोणीतरी बिल्ज बघायला जाईल याची सोय करा. वर ओढणं जमत असेल तर हा पर्याय घेऊ नका.

उतरवताना

क्रम उलटा. तळाचा बूच, ड्रेन बूच, झिंक; मग इम्पेलर, त्याला भांड्याचा साबण किंवा ग्लिसरीन लावून. ग्रीस नको, रबर फुगतं. एक्झॉस्टवरचा डबा आणि हवेच्या तोंडातलं फडकं काढलं का, ते दोघांनी बघा. बेल्ट ताणा, डिझेलमधली हवा काढा.

स्टॉप लिव्हर ओढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये पाणी आहे का ते पाहा. मोकळं फिरलं तर लिव्हर ओढलेलीच ठेवून दहा सेकंद स्टार्टर मारा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. ओला एक्झॉस्ट असेल तर तोवर सी-कॉक बंद. मग उघडा आणि सुरू करा. अर्ध्या मिनिटात बाहेर पाणी पडलं नाही तर लगेच बंद करून पंपाकडे बघा. आवळलेला ग्लँड सैल करा: शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडले पाहिजेत, नाहीतर पॅकिंग जळतं.

शाफ्टची रेघ जमिनीवर तपासून उपयोग नाही, कारण पाण्यात बसल्यावर बोटीचा आकार थोडा बदलतो. बोट दोन दिवस तरंगू द्या, मग कपलिंगचे बोल्ट सोडून दोन्ही तोंडांमध्ये चार बाजूंनी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. चार इंची कपलिंगला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी फटीत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर इंजिनाच्या पायांखालच्या नटांनी थोडं थोडं सरकवून पुन्हा मोजा.